गॅस की बॅटरी? आधी प्लग दाखवा!

(अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. गोल्फ हा खेळ मी आजवर फक्त टीव्हीवर पाहिलाय, तोही चॅनल बदलता बदलता. तरीसुद्धा 'रोजच्या वापरासाठी गोल्फ कार्ट गॅसवरची घ्यावी की इलेक्ट्रिक?' या विषयावरच्या वादविवाद स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं! विषय ज्याने काढला त्याने तो इंटरनेटवरून उचलला असणार हे उघड होतं. आमच्या वर्गात गोल्फ कार्टमध्ये बसलेले दोघंच निघाले. त्यातला एक रेल्वे स्टेशनवर आजीला सोडायला बॅटरीच्या गाडीतून गेला होता आणि दुसरा लग्नाच्या लॉनवर नवरदेवाचा भाऊ होता.

पण स्पर्धा म्हटली की तयारी आलीच. वाचलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. तिथे गाड्यांच्या रस्त्यांपासून वेगळे असे सुमारे १६० किलोमीटरचे छोटे रस्ते आहेत आणि लोक किराणा आणायला, पोरं शाळेत जायला गोल्फ कार्ट वापरतात. फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस' या निवृत्तांच्या वसाहतीत तर म्हणे घरटी एक कार्ट. १९९८ साली तिथल्या केंद्र सरकारने ताशी २० ते २५ मैल वेगाच्या अशा गाड्यांसाठी वेगळा वर्गच करून टाकला. तिथे 'गॅस' म्हणजे पेट्रोल बरं का! आपल्या रिक्षा लाईनमध्ये गॅस म्हणजे गॅसच, एलपीजी नाहीतर सीएनजी. भाषणात मी या शब्दावर एक कोटी केली, परीक्षक हसले, तिथेच बक्षीस पक्कं झालं असं माझं मत आहे. बाकी मुद्दे नेहमीचेच. इलेक्ट्रिकला आवाज नाही, धूर नाही, शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क, थांबली की खर्च शून्य. टाळ्या. सर्टिफिकेट. फोटो.

ते सर्टिफिकेट घेऊन मी घरी गेलो. अण्णा नुकतेच पाळी संपवून आले होते. त्यांनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं,

"म्हंजे तुला कळतंय यातलं. मग सांग, मी कोणती घेऊ?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तशी माझी गत झाली. स्टेजवर सात मिनिटं न अडखळता बोललेला मी घरात सात सेकंद गप्प होतो.

तर आता थोडी पार्श्वभूमी. अण्णा १९९८ पासून याच शहरात रिक्षा चालवतात. मुकुंदवाडीहून सिडको बसस्टँड, सेव्हन हिल, क्रांती चौक, स्टेशन हा त्यांचा रोजचा रस्ता. कधी संध्याकाळी शिफ्टची माणसं घेऊन वाळूजची खेप. त्यांची पहिली रिक्षा टू-स्ट्रोक होती आणि त्या काळात पेट्रोलमध्ये रॉकेल किती मिसळायचं याचं प्रमाण स्टँडवरच्या प्रत्येकाचं वेगळं असायचं. नंतर एलपीजीचा जमाना आला. पंपावरचा गॅस महाग म्हणून घरगुती सिलिंडर रिक्षात उलटा करणारेही मराठवाड्यात कमी नव्हते. (अण्णांनी केलं का? विचारलं तर ते विषय बदलतात.) आताची रिक्षा २०१२ ची. पासिंगच्या आधी दरवर्षी तिच्यात पैसे ओतावे लागतात. रोशन गेटच्या पलीकडचे एक उस्ताद तिचं इंजिन बघतात. त्यांनी गेल्या खेपेला स्पष्टच सांगितलं, "भाई, अब इसकू माफ करो."

म्हणजे प्रश्न खरा होता. घरातली एकमेव कमावती वस्तू बदलायची होती आणि एकदा कर्ज काढलं की चार वर्षं मागे फिरता येणार नव्हतं. माझी शेवटची फी, ताईच्या डिलिव्हरीचा खर्च आणि हा हप्ता, सगळं त्याच तीन चाकांवरून येणार.

आणि गंमत बघा, हा प्रश्न पडायला आपल्या शहराइतकं योग्य शहर शोधून सापडणार नाही. १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. तिथून रिक्षा जगभर जातात आणि आता त्याच वाळूजमध्ये इलेक्ट्रिक रिक्षाही तयार होते. याच शहराने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एका दमात १५० मर्सिडीज खरेदी करून देशभर नाव काढलं होतं, आणि २०२२ मध्ये इथल्या उद्योजकांनी तसाच एकगठ्ठा व्यवहार इलेक्ट्रिक कारचा केला. आता बिडकीनच्या ऑरिकमध्ये मोठमोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्या येताहेत, प्लेसमेंट सेलच्या बोर्डावर त्यांची नावं आपण रोज वाचतो. अजिंठ्याला तर केव्हापासून फर्दापूरच्या टी-पॉईंटवर आपल्या गाड्या थांबवून शेवटचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, का तर चित्रांना धूर लागू नये. चित्रांची काळजी आपण घेतली. सिडको चौकात दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा नंबर अजून लागायचाय. असो.

मी ठरवलं की ब्रोशर बाजूला ठेवायचं आणि मोजायचं. सबमिशनचे दिवस असूनही चार दिवस अण्णांच्या शेजारी (म्हणजे ड्रायव्हर सीटच्या त्या बेकायदा कोपऱ्यावर, आरटीओ साहेबांनी क्षमा करावी) वही घेऊन बसलो. सरासरी निघाली दिवसाला ९४ किलोमीटर. त्यातले प्रवासी असलेले फक्त ६१. उरलेले रिकामे फिरण्याचे. २०१७ मध्ये राज्य सरकारने परमिटवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून स्टँडवर रिक्षा वाढल्या आणि रिकामं फिरणंही वाढलं, असं अण्णांचं म्हणणं. आणखी एक गोष्ट वहीत नोंदवली गेली जी मला आधी सुचलीच नव्हती. दुपारी एक ते चार या वेळात चारही दिवस रिक्षा जवळजवळ उभीच होती. उन्हात माणूसच बाहेर पडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरा टप्पा. आमच्याच गल्लीत एका काकांनी २०२४ मध्ये इलेक्ट्रिक रिक्षा घेतली. ती एका रविवारी अण्णांनी मागून घेतली, त्या दिवसाची कमाई निम्मी निम्मी या बोलीवर. ही 'ई-रिक्षा' नव्हे हं! लोक दोन्ही एकच समजतात. दिल्लीत २०१४ मध्ये हायकोर्टाने बंद केलेली आणि नंतर कायद्यात दुरुस्ती करून परत आलेली ती ई-रिक्षा ताशी २५ किलोमीटरची. स्वभावाने ती गोल्फ कार्टचीच मावसबहीण. गल्लीबोळात, कॉलनीत, देवळापासून पार्किंगपर्यंत ठीक. पण जालना रोडवर २५ च्या स्पीडने उड्डाणपुलावर चढून बघा, मागचा टिप्परवाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आम्ही नेली ती पूर्ण वेगाची, लिथियम बॅटरीवाली इलेक्ट्रिक ऑटो. बॅटरी नऊ युनिटांची.

कागदावर तिची रेंज १७० च्या वर होती. आम्ही ६८ किलोमीटर फिरलो तेव्हा बॅटरी १०० वरून ३४ टक्क्यांवर आली. म्हणजे पूर्ण चार्जवर जेमतेम १०३ किलोमीटर. चिडू नका, यात कुणी फसवलंय असं नाही. कागदावरची चाचणी ठरावीक वजन, ठरावीक वेग, सपाट रस्ता अशी होते. आमच्याकडे तीन प्रवासी, एक पोतं आणि क्रांती चौकाचा पूल होता. तुम्हीच गणित करा. ७०० किलोची भरलेली गाडी ५ टक्के चढावर ताशी २० ने न्यायची तर नुसता चढासाठी १.९ किलोवॅट आणि चाकांच्या घर्षणाला आणखी अर्धा. उतरताना मोटर जनरेटर होते आणि थोडं परत देते. अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली की ते मुद्दाम दोनदा पूल उतरले. "इंजिन कधी पेट्रोल परत करतं का?" म्हणाले.

रात्री काकांच्या घरी प्लगला मीटर लावून चार्ज केली. पावणेसात युनिटं लागली. म्हणजे चार्जरमधलं नुकसान धरून किलोमीटरला एक दशांश युनिट. हा आकडा पाठ करून ठेवा, फार सोपा आहे आणि सगळा हिशोब त्याच्यावर उभा राहतो.

आता सीएनजी. स्टँडवर विचारलं तर किलोला ३३ ते ३५ किलोमीटर असं उत्तर मिळालं. ३४ धरू. किलोला ९० रुपये धरले तर ९४ किलोमीटरला २४९ रुपये. विजेचं ९.४ युनिट, घरच्या मीटरवर १२ रुपये धरले तर ११३. दिवसाला १३६ रुपयांची बचत. महिन्याला २६ दिवस धरून साधारण ३५००. इथपर्यंत माझं भाषण बरोबर होतं. टाळ्या!

पण अण्णांनी पुढचा हिशोब विचारला. इलेक्ट्रिक गाडी किती महाग? आम्हाला मिळालेल्या दोन कोटेशनमध्ये फरक सत्तर हजारांचा होता. २०२५ च्या सप्टेंबरात साध्या रिक्षावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ च आहे, त्यामुळे हा फरक पूर्वीइतका कमी राहिलेला नाही. सत्तर हजारांचा व्याजासकट चार वर्षांचा हप्ता महिन्याला अठराशेच्या आसपास. बॅटरी सहा वर्षांनी बदलायची आणि तिला एक लाख धरले तर महिन्याला चौदाशे बाजूला काढायला हवेत. ३५०० मधून ३२०० गेले. राहिले तीनशे. ऑइल, प्लग, फिल्टर, क्लच केबल नाही, त्याचे सातशे मिळवा. महिन्याला हजार रुपये. चार वर्षांनी हप्ता संपला की जास्त. म्हणजे फायदा आहे, पण स्टेजवर ओरडून सांगण्याइतका नाही.

आणि हाच हिशोब बाहेरच्या चार्जिंग पॉईंटवर करून पाहिला. तिथे युनिटला २० रुपये धरा. रोजचा खर्च १८८. बचत उरते ६१ रुपये, महिन्याला सोळाशे. हप्ता आणि बॅटरीचे ३२०० कुठून आणायचे? तीच गाडी, तोच रस्ता, तोच माणूस. फक्त प्लग बदलला आणि फायद्याचा तोटा झाला.

मित्रांनो, इथे मला माझ्या भाषणातली चूक सापडली. पीचट्री सिटीच्या माणसाला गॅस की इलेक्ट्रिक हा प्रश्न पडतो तेव्हा त्याच्या घराला गॅरेज असतं हे कुणी सांगतसुद्धा नाही. गॅरेज आहे, गॅरेजच्या भिंतीत सॉकेट आहे, सॉकेट त्याच्या नावावर आहे. मग तो चढ बघतो, अंतर बघतो, आवाज बघतो आणि निवड करतो. आपण ते सगळे मुद्दे जसेच्या तसे उचलले आणि भिंत मात्र तिकडेच राहिली.

आमची भिंत कशी आहे ते सांगतो. दोन खोल्या, भाड्याच्या. रिक्षा गल्लीत, घरापासून तीस फुटांवर, नालीच्या कडेला उभी. ९ युनिटांची बॅटरी तीन-साडेतीन तासांत भरायची तर १३ अँपिअर करंट सतत लागतो. आमच्या घरातली वायर १ स्क्वेअर एमएमची, कोणे एके काळी एक ट्यूब आणि एक पंखा यांच्यासाठी टाकलेली. अर्थिंग म्हणाल तर तिसरं भोक आहे, त्यामागे वायर नाही! मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी आहे, निदान इतकं तरी मला सांगता येतं की किमान अडीच स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, खरी अर्थिंग आणि गळती होताच तुटणारा ब्रेकर याशिवाय तिथे चार्जर लावणं म्हणजे आगीला आवतण. खिडकीतून एक्स्टेन्शन काढून गल्लीभर वायर टाकणारे आहेत. पावसाळ्यात त्या वायरवरून पोरं उड्या मारतात.

वेगळं मीटर घ्यायचं? ईव्हीसाठी वेगळा, स्वस्त दर असतो. शिवाय रिक्षाची महिन्याची २४० युनिटं घरच्या मीटरवर चढली की वाढलेली युनिटं वरच्या स्लॅबच्या दराने लागतात. म्हणून मी घरमालकीण काकूंकडे गेलो. काकू चांगल्या आहेत, दहावीला मला पेढे त्यांनीच दिले होते. पण त्या म्हणाल्या, "बाळा, बातम्यांत बघते मी बॅटऱ्या पेटलेल्या. तुमची रिक्षा पेटली तर गेली रिक्षा. माझं घर पेटलं तर?" मी त्यांना लिथियम आयर्न फॉस्फेट रसायन तुलनेने किती स्थिर असतं ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा दिला. सही दिली नाही. आणि खरं सांगू? त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती.

म्हणजे बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहणारी, दिवसाला २० किलोमीटर फिरणारी कार सगळ्यात स्वस्त विजेवर चालते. आणि रोज ९४ किलोमीटर धूर सोडणारी, म्हणजे जिने सगळ्यात आधी विजेवर जायला हवं ती रिक्षा, तिला प्लग नाही. माझा राग यावर आहे.

विरोधी पक्षाचे मुद्देही मांडतो, वादविवादाची सवय आहे. एक म्हणजे सीएनजी काही वाईट इंधन नाही. रॉकेल मिसळलेल्या टू-स्ट्रोकच्या तुलनेत तर संतच. फक्त पंपावर रांग, प्रेशर नसलं की टाकी अर्धीच भरते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट. दुसरं म्हणजे 'वीज म्हणजे प्रदूषण शून्य' हे मी स्टेजवर ठोकून दिलेलं वाक्य. ते चूक आहे. एक किलो मिथेन जळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे अकरावीच्या केमिस्ट्रीतून काढता येतं. ३४ ने भागा, किलोमीटरला ८१ ग्रॅम. आपल्या देशातल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो निघतो, म्हणजे किलोमीटरला ७० ग्रॅम. फरक ११ ग्रॅमचा! मग धूर गेला कुठे? परळीला गेला, कोराडीला गेला. परळीचं थर्मल तर २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंदच ठेवावं लागलं होतं. आपण इथे स्विच दाबतो तेव्हा त्याचं दुसरं टोक मराठवाड्याच्या कोळशा-पाण्यात असतं. पण ग्रिड जसजसं सौर होत जाईल तसतसे ते ७० ग्रॅम कमी होत जातील. सीएनजी रिक्षाचे ८१ ती भंगारात जाईपर्यंत ८१ च राहणार. आणि चौकातल्या माणसाच्या नाकाखाली निघणारा धूर आणि उंच चिमणीतून निघणारा धूर यात फरक आहेच.

तिसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. सहा वर्षं धरली ती साडेचारही होतील. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, गाडी सावलीत उभी करा. फार शास्त्रीय वाटत नसलं तरी खरं आहे.

या सगळ्यात मला माथेरानची आठवण झाली. तिथे मोटारींना बंदीच, त्यामुळे गॅस की बॅटरी हा प्रश्नच नव्हता. माणसाने ओढायची की बॅटरीने, असा होता. रिक्षा ओढणाऱ्या श्रमिकांनी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून २०२२ च्या डिसेंबरात सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू करून घेतल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला आणि गुजरातच्या केवडियासारखी योजना आणायला सांगितलं, म्हणजे गाडी सरकारने घ्यायची आणि चालवणाऱ्याला भाड्याने द्यायची. गाडी कुणाच्या नावावर, चार्जिंग कुठे, हे तिथे आधी विचारलं गेलं. आपल्याकडे सबसिडीची जाहिरात आधी येते. सबसिडी गाडीला मिळते, भिंतीला नाही.

म्हणून माझं मत असं की आपल्या शहरातल्या जवळच्या, रोजच्या, शे-सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या वाहतुकीला इलेक्ट्रिकच योग्य आहे. पण ज्याच्याकडे हक्काचा प्लग नाही त्याला आज इलेक्ट्रिक घे म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. अशा माणसाने सीएनजी घेतला तर त्याला मागासलेला म्हणू नका. स्टेजवरून तर अजिबात नको. मी म्हटलं होतं.

मग करायचं काय? मी आधी अण्णांना सुचवलं की आपल्या कॉलेजच्या गेटजवळ रात्री गाडी लावा, तिथे चार्जिंगची सोय मागू. अण्णा म्हणाले, "रिक्षा तिकडं अन् मी इकडं? झोप लागंल का मला?" बरोबर आहे. सहा लाख जिवांची उलाढाल नसेल, पण आमचं सगळं घर त्या गाडीत असतं.

तेव्हा मला वहीतली ती एक ते चारची वेळ आठवली. आपल्या डिपार्टमेंटच्या गच्चीवर सोलर पॅनल आहेत. त्यांची सगळ्यात जास्त वीज दुपारी तयार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर कॉलेज रिकामं असतं. आणि नेमकी तेव्हाच गेटवरच्या स्टँडवर रिक्षा झाडाखाली उभ्या असतात, ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेले. तीन किलोवॅटच्या सॉकेटवर दोन तास गाडी लावली तर सहा युनिटं, म्हणजे साठ किलोमीटर. घरी रात्री साध्या सॉकेटवर कमी करंटने उरलेलं भरता येईल, तेवढा भार नीट टाकलेल्या वायरला पेलतो आणि काकूंचीही हरकत कमी होईल. चार सॉकेट, चार मीटर, पत्र्याची शेड, नीट अर्थिंग. पैसे युनिटप्रमाणे घ्यायचे, फुकट काही नको. फुकट दिलं की पुढच्या वर्षी बंद पडतं, हा आपल्या वॉटर कूलरचा अनुभव आहे.

आम्ही चौघांनी हाच फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून दिलाय. एचओडी सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यात नवीन काय आहे?" नवीन काहीच नाही, सर. सॉकेट आहे. दरवर्षी आपल्याकडे 'स्मार्ट' नावाचे दहा-बारा प्रोजेक्ट होतात, व्हायवा झाला की त्यांची मॉडेल्स लॅबच्या कपाटावर चढतात आणि तिथेच धूळ खातात. एखादं तरी गेटबाहेर जाऊ द्या, एवढंच सरांना म्हणालो. सर हसले आणि इन्शुरन्सचं काय, बाहेरची गाडी आत आल्यावर जबाबदारी कुणाची, रीडिंग कोण घेणार असे सहा प्रश्न लिहून दिले. प्रश्न रास्त आहेत. त्यांतल्या चारांची उत्तरं लिहून झालीत. अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे.

ज्युनियर मित्रांना एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांचे वडील, काका, मामा रिक्षा चालवतात (आहेत, मला माहीत आहे, आपण सांगत नाही एवढंच), त्यांनी आठवडाभर त्यांच्या गाडीचे किलोमीटर आणि उभं राहण्याच्या वेळा लिहून मला आणून द्या. चार दिवसांची एकाच रिक्षाची वही प्राचार्यांना दाखवायला कमी पडते.

दोन्ही कोटेशन आमच्या घरी कालनिर्णयच्या मागे खोचलेली आहेत. दोघांचीही मुदत ३१ तारखेला संपते. काल रात्री जेवताना अण्णांनी अचानक विचारलं,

"तुमच्या गेटपाशी दुपारची सावली कुणीकडं असते?"

"पूर्वेला. कडुनिंब आहे ना तिथं."

"चारला बी?"

आज चार वाजता जाऊन बघून आलो. असते.